आधी वीट वाजवून पाहा

मराठवाड्यात घटस्थापनेच्या आधी ‘दसरा काढतात’. गोधड्या, डबे, पितळी भांडी, सगळं घर अंगणात येतं. धुणं-पुसणं उरकलं की नजर जाते खिडकीच्या गजांकडे. वर्षभराच्या उन्हाने रंग उडालेला असतो. मग ऑइलपेंटचा लिटरभराचा डबा येतो, घरातलाच कुणीतरी हौसेने स्टुलावर चढतो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतं की ग्रिलखालच्या उघड्या विटांवर हिरवे ओघळ उतरलेत.

माझ्या दर्शनी भिंतीवर असे सात ओघळ होते. त्यातले पाच गेले, एक फिका होऊन राहिला आणि एकाच्या जागी आता खड्डा आहे. खड्डा मीच पाडला. आधी संडास धुवायचं ॲसिड ओतलं, त्याने रंगाला काही झालं नाही, पण विटांमधला दर्जा भुसभुशीत झाला. मग चिडून ड्रिल मशिनला तारेचा ब्रश लावला. रंग गेला आणि त्याबरोबर विटेची कातडीही गेली. पुढच्या पावसाळ्यात तिथून तांबडी भुकटी गळायला लागली. सगळ्या भिंतीवर आज पहिल्यांदा डोळा जातो तो त्या खड्ड्यावर, उरलेल्या फिक्या डागावर नाही.

म्हणून गिलावा न केलेल्या, उघड्या विटांच्या भिंतीवरचा रंग काढायला निघालेल्याने ब्रश आणि बाटली आणण्याआधी भिंतीसमोर दहा मिनिटं नुसतं उभं राहावं. दोन गोष्टी ठरवायच्या असतात: वीट कशी आहे आणि रंग कोणता आहे. निम्मं काम तिथेच होतं.

विटेची परीक्षा कशी करायची, हे धाराशिवकरांना वेगळं सांगायला नको. तेरचे गोरोबाकाका कुंभार. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी हातातल्या थापटण्याने एकेकाचं डोकं वाजवून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. भिंतीशी तेच करायचं. खुरप्याच्या लाकडी मुठीने डागाच्या आजूबाजूच्या पाच-सहा विटा हलक्या हाताने वाजवा. खणखणीत आवाज आला तर वीट नीट भाजलेली. भद्द आवाज आला तर कच्ची, किंवा आतून तडकलेली. मग नखाने ओरखडा काढून पाहा. चांगल्या विटेवर नख चालत नाही. चाललं, तर त्या विटेवर तुमचा नायलॉनचा ब्रशसुद्धा जपूनच चालायला हवा. शेवटी बोटाने पाण्याचे दोन थेंब लावा. थेंब क्षणभर चकाकत राहिला तर ठीक. लावताक्षणी नाहीसा झाला, तर रंगही असाच आत गेलाय असं समजा.

एकाच भिंतीत दोन्ही प्रकारच्या विटा निघाल्या तर नवल नाही. आपल्याकडे वीट हाताने पाडतात आणि रचून भट्टी लावतात. भट्टीच्या पोटातली वीट जास्त भाजून काळसर खंगर होते, कडेची पिवळट आणि कच्ची राहते, आणि दोन्ही एकाच ट्रॅक्टरने घरी येतात. खंगरवर रंग वरच्या वर बसतो आणि बहुतेक वेळा वरच्या वर निघतो. कच्च्या विटेत तो मुरतो. साध्या भाजलेल्या विटेने २४ तास पाण्यात बुडवल्यावर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, असं भारतीय मानक १०७७ मध्ये नेहमीच्या वर्गांच्या विटांसाठी सांगितलंय. म्हणजे तीन किलोच्या, परीक्षेत पास झालेल्या विटेलाही अर्ध्या लिटरहून अधिक पाणी पिण्याची मुभा आहे. नापास झालेली किती पीत असेल, याचा अंदाज करा. वीट इतकी तहानलेली असते, हे एकदा लक्षात ठेवलं की पुढची बरीचशी पथ्यं आपोआप सुचतात.

तेरची गोष्ट निघालीच आहे तर थोडं थांबतो. तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथलं त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं आहे, मागची बाजू गोलसर, म्हणजे गजपृष्ठाकार, आणि उत्तरेश्वराचं मंदिरही विटांचंच. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात असं गावात कौतुकाने सांगतात. तरंगणारी वीट म्हणजे आत हवेच्या पोकळ्या असलेली वीट, आणि पोकळ्या असलेली वीट म्हणजे रंग पिणारी वीट. दगड-विटांचा जिल्हा असल्यामुळे हे इथेच सांगून टाकतो: या लेखातला एकही उपाय देवळाच्या, किल्ल्याच्या किंवा कुठल्याही संरक्षित वास्तूच्या भिंतीवर करायचा नाही. भक्तिभावानेही नाही. तिथे रंग सांडलेला किंवा कुणी नाव रंगवलेलं दिसलं तर पुरातत्त्व खात्याला कळवायचं आणि हात मागे ठेवायचे. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाचं विद्रूपण हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घासून साफ करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण विटेला हेतू कळत नाही.

आता रंग. पेंटर समोर असेल तर सरळ डबा दाखवायला सांगा. नसेल तर ओला फडका दाबून पाहा. फडक्याला पांढरं लागलं तर चुना किंवा डिस्टेंपर. काहीच लागलं नाही तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर डागावर धरा. रंग चिकट होऊन बोळ्याला आला तर तो पाण्यात कालवायचा प्लास्टिक किंवा इमल्शन पेंट. स्पिरिटलाही दाद देत नाही आणि कोपऱ्याला पातीने उचललं तर कातड्यासारखा सोलून येतो, तो ऑइलपेंट. आणि खरबरीत, पाणी लावल्यावर गडद होणारा, कशानेच न हलणारा थर असेल तर तो सिमेंट पेंट, ज्याला जुने लोक अजून सरसकट ‘स्नोसेम’ म्हणतात.

ताजा डाग असेल तर या सगळ्या चौकशीची गरज नाही, पण तेव्हाच माणूस घाई करतो. ओला रंग पुसायचा नाही, टिपायचा. जुन्या सुती साडीचा तुकडा दाबायचा, उचलायचा, घडी बदलून पुन्हा दाबायचा. पुसलं की रुपयाएवढा डाग भाकरीएवढा होतो आणि विटेच्या प्रत्येक छिद्रात कालवला जातो. इमल्शन असेल तर टिपून झाल्यावर साबणाच्या पाण्याने लगेच धुता येतं. ऑइलपेंट असेल तर पाणी उपयोगाचं नाही आणि टर्पेंटाईनचा भिजका फडकाही नको, कारण पातळ झालेला रंग विटेत आणखी खोल उतरतो. जेवढा टिपता येईल तेवढा टिपा आणि उरलेला वाळू द्या. वाळलेला रंग काढणं पातळ केलेला रंग काढण्यापेक्षा सोपं असतं. हे उलटं वाटतं, पण माझा फिका राहिलेला सहावा ओघळ याचीच साक्ष आहे.

चुन्याचे शिंतोडे सगळ्यांत गरीब. आधी कोरड्या ब्रशने झाडायचे, मग भिंत भिजवून नायलॉनच्या ब्रशने घासायचे. तरी पांढुरकी झाक राहिली तर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर तेवढ्यापुरतं लावून, बुडबुडे थांबले की भरपूर पाण्याने धुवायचं. मात्र भिंत जुनी आणि चुन्यात बांधलेली असेल तर व्हिनेगरही नको, कारण डागातला चुना आणि दर्जातला चुना यांत त्याला फरक कळत नाही. इमल्शनसाठी गरम पाणी, धुण्याची पावडर आणि धीर. दहा मिनिटं गरम पाण्याचा फडका लावून ठेवला की थर मऊ होतो. मग बांबूच्या चपट्या कामटीने तो उचलायचा. लोखंडी पाती विटेवर काळ्या रेघा ओढते आणि तारेच्या ब्रशचे सुटलेले तुकडे विटेत अडकून पावसाळ्यात गंजतात. हिरवा डाग काढायला जावं आणि तांबूस डाग घेऊन यावं, असं ते होतं. सिमेंट पेंटबद्दल माझा सल्ला विचाराल तर, शिंतोडे असतील तर एकेक टोचून काढा, सलग थर असेल तर नाद सोडा. तो आणि विटेचा दर्जा एकाच जातीचे असतात. एकाला खाणारं रसायन दुसऱ्यालाही खातं.

गुलालाचं आणखी वेगळं. मिरवणुकीत भिंतीवर उधळलेला गुलाल लोक लगेच पाइप लावून धुतात आणि कोरडी पूड होती तिचा रंग करून विटेला पाजतात. कोरड्या केरसुणीने झाडा, उरलेलं ऊन बघून घेईल. ब्लीचिंग पावडर वगैरे घालू नका, तिचे क्षार विटेत राहतात.

सगळ्यांत जास्त विचारलं जातं ते ऑइलपेंटबद्दल. त्याला पेंट रिमूव्हर लागतो. रंगाच्या दुकानात दोन प्रकारचा मिळतो, पाण्यासारखा पातळ आणि जेलीसारखा घट्ट. उभ्या भिंतीला जेलीचाच घ्या. लावायच्या आधी डागाखालची भिंत जमिनीपर्यंत पाण्याने चिंब करा, पण डाग असलेल्या विटा कोरड्या ठेवा. खालच्या विटांनी पाणी पोटभर प्यायलेलं असलं की वरून ओघळलेला विरघळलेला रंग त्या पीत नाहीत. मग जुन्या ब्रशने जेली जाडसर थापा. थापा म्हणजे थापा, भिंत रंगवल्यासारखी मागे-पुढे फिरवू नका. वर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक चिकटवा आणि डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. दुपारच्या उन्हात हे करू नये. मे महिन्यात तर नाहीच, कारण जेली काम करायच्या आधीच सुकते. दसऱ्यानंतर महाशिवरात्रीपर्यंतची सकाळ, भिंत सावलीत असताना, ही वेळ उत्तम.

प्लास्टिक उचललं की रंगाला सुरकुत्या पडलेल्या दिसतात, सायीसारख्या. कामटीने खालून वर उचला आणि कागदावर घ्या. एका फेरीत सगळं निघेल अशी आशा धरू नका. दोन-तीन फेऱ्या लागतात. त्यानंतरही विटेच्या छिद्रांत जी हिरवट छटा राहते तिला घासून काही होत नाही. ती ओढून घ्यावी लागते, आणि त्यासाठी लेप.

लेपाला मुलतानी माती चालते, किंवा पेंटर लांबी करताना वापरतात ती खडूची पूड. प्लास्टिकच्या घमेल्यात ती घ्या, त्यात थोडा थोडा थिनर घालत थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट कालवा. डागावर अर्धा सेंटिमीटर जाडीने थापा, कडेने दोन बोटं जास्त. वरून प्लास्टिक, कडांना चिकटपट्टी, आणि रात्रभर तसंच. थिनर विटेत जातो, अडकलेला रंग सोडवतो. सकाळी प्लास्टिक काढायचं आणि लेप वाळू द्यायचा. वाळताना तो थिनर परत बाहेर येतो आणि रंगाला सोबत घेऊन मातीत येतो. कामाचा भाग हा वाळण्याचा आहे, आणि नेमकं इथेच लोक घाई करून ओला लेप खरवडतात. नीट वाळला की लेपाला भेगा पडतात, कडा भिंतीपासून सुटतात आणि बोटाने ढकलला तर तव्यावरून सुटलेल्या पापडासारखा अख्खा हातात येतो. उलटा करून पाहा. पांढऱ्या मातीच्या पाठीवर हिरवा ठसा, विटेवरच्या प्रत्येक खाचेसकट. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला होता.

हे सगळं करताना स्वतःला जपायचं. बऱ्याच रिमूव्हरमध्ये मिथिलिन क्लोराइड असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बंद जागेत माणूस बेशुद्ध पडून दगावू शकतो. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकायला बंदी घातली ती अशा मृत्यूंनंतरच. आपण बाहेरच्या भिंतीवर काम करतो, हे त्यातल्या त्यात बरं. तरी जिन्याखाली, बोळात, बंद आवारात नको. फडक्याचा मास्क वाफ अडवत नाही, आणि पातळ हातमोजे जेली लागताच फुगतात. डब्यावर सांगितलेले जाड हातमोजे घ्या, डोळ्यांना चष्मा लावा. थिनर पेट घेतो, तेव्हा बिडी-सिगारेट आणि लेपाशेजारची चूल दोन्ही बंद.

दुसरी गोष्ट शिशाची. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. उमरगा-लोहाऱ्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर दगड-मातीच्या जाड भिंतींवरचा लोकांचा विश्वास उडाला आणि वीट-सिमेंटची घरं उभी राहिली. म्हणजे अनेक घरांच्या दारा-खिडक्यांवरचे आणि त्यांच्याखालच्या विटांवरचे थर या नियमाच्या कितीतरी आधीचे असणार. असा जुना रंग पॉलिश पेपरने कोरडा घासायचा नाही, ग्राइंडर फिरवायचा नाही, आच देऊन जाळायचा नाही. ओला ठेवून उचलायचा, खाली अंथरलेल्या प्लास्टिकसकट गुंडाळून वेगळा टाकायचा. अंगणात ज्वारी वाळत असेल किंवा लेकरं खेळत असतील तर आधी ती हलवा.

प्रेशरचं मशीन आणून देतो म्हणणारा कुणी ना कुणी भेटतोच. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो तिथे एका डागासाठी एवढं पाणी उडवणं मला मुळातच पटत नाही, पण विटेच्या बाजूने बोलायचं तरी ते नकोच. विटेला भाजल्यामुळे वरून एक कठीण कातडी आलेली असते, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. आतला गर तिच्या जिवावर पाऊस झेलतो. जोराचं पाणी, वाळूचा मारा, ग्राइंडर ही सगळी ती कातडी सोलणारी अवजारं. एक बादली, एक तांब्या आणि ब्रश पुरतात. शक्य असेल तर शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने करू नका. आपल्याकडचं बरंचसं बोअरचं पाणी जड असतं. भिंत वाळली की त्यातला क्षार पांढरा होऊन वर येतो आणि रंग गेला म्हणून आनंद होतो न होतो तोच भिंतीला खार फुटतो. फुटलाच तर धुवू नका, कोरड्या ब्रशने झाडत राहा. दोन-चार महिन्यांत थांबतो. आणि भिंत पूर्ण वाळून खार थांबेपर्यंत वरून चकाकणारा ‘क्लिअर कोट’ मारायला कुणी आग्रह केला तरी मारू नका. आतला ओलावा आतच कोंडतो.

रस्त्याकडेच्या भिंतीवर एक खास संकट येतं, जाहिरातीचं. सकाळी उठावं तर कंपाउंडवर कुठल्यातरी शिकवणीचं नाव नाही तर उमेदवाराचं चिन्ह. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे. निवडणूक जाहीर झाल्यावर खासगी भिंतीवरचा विनापरवाना प्रचारही ७२ तासांत काढून टाकायच्या सूचना निवडणूक आयोग देतो. तक्रार जरूर करा, पण करतानाच एक वाक्य जास्त लिहा: भिंत उघड्या विटांची आहे, वरून चुना किंवा रंग मारू नये. कारण ‘काढणे’ म्हणजे बहुधा त्यावर दुसरा रंग फासणे. गिलाव्याच्या भिंतीवर ते चालून जातं. विटेवर ती एका डागाची दोन डागांत बढती ठरते.

पुढच्या दसऱ्याला काय करायचं, ते सोपं आहे. ग्रिल रंगवायच्या आधी खालची भिंत गोणपाटाने झाका, आणि गोणपाट नसेल तर किमान विटा चांगल्या भिजवून घ्या, ओल्या विटेवर पडलेला थेंब लवकर मुरत नाही. रोजाने माणूस लावला असेल तर पहिल्याच दिवशी ठरवून घ्या की सांडलेलं त्याच दिवशी टिपायचं. संध्याकाळी पैसे देताना हा विषय काढला तर दोघांचंही तोंड वाकडं होतं.

आणि सगळं करूनही राहिलेल्या छटेचं काय? आमच्याकडच्या गवंडीमामांनी मला दाखवलेला इलाज असा. त्याच भट्टीच्या विटेचा फुटका तुकडा घ्यायचा. तो डागावर हलक्या हाताने, गोल गोल घासायचा. थोडी झाक घासली जाते आणि उरलेल्या खाचांत त्याच रंगाची विटेची भुकटी बसते. दहा फुटांवरून डाग शोधून सापडत नाही. हे खणखणीत विटेवरच करायचं. कच्च्या विटेवर केलं तर तुकडा कोणता आणि भिंत कोणती, हेच कळेनासं होतं.

माझ्या खड्ड्याकडे पाहून मामा हसले. छिन्नीने त्या विटेभोवतीचा दर्जा कोरला, वीट हलवून हलवून बाहेर काढली, झाडली, तळहातावर फिरवून मागची बाजू पाहिली आणि मुठीने वाजवली. ती बाजू कोरी होती, आवाजही खणखणीत होता. “पाठ फिरवून बसवू तिला,” म्हणाले. सिमेंट कालवलंय, दर्जा भरणं उद्यावर आहे.